चाळीस मिनिटं कोणाची?

नसरुद्दीन होडेकरला नापास करायलाच मला पाठवलंय, असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. आता भांडत नाही. दोहातल्या वेस्ट बेच्या हेड ऑफिसातून मला इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये धाडलं ते अकरा जुन्या मेकॅनिकांची परीक्षा घ्यायला, आणि त्यातले चार-पाच तरी गळतील हे वरच्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. साल २००३. मी प्रताप खैरनार, नाशिकचा, वय एकोणतीस, फर्स्ट क्लास इंजिनिअर, कतारमध्ये येऊन आठ महिने झालेले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते पाणी म्हणजे मी.

आमची कंपनी तेल आणि गॅसवाल्यांना गाड्या पुरवायची. त्यांनी नवी अट घातली की गाड्यांना हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे परीक्षा पास झाल्याचा कागद हवा. पास झाला तो मेकॅनिक राहील. नापास झाला तर त्याच्या नावापुढे हेल्पर लागेल. नजमासारख्या कामगार वस्तीत एका खोलीत सहा जणांबरोबर राहणाऱ्या सडाफटिंग माणसाला याने पगार कमी झाल्याचं दुःख झालं असतं, बाकी काही नाही. पण नसरुद्दीनची बायको आणि मुलगी इथे होत्या. बायकोमुलांना कतारमध्ये ठेवायचं तर माणसाचा पेशा आणि पगार सरकारदरबारी पटावा लागतो, आणि हेल्परला फॅमिली व्हिसा मिळत नाही. त्याचा व्हिसा जानेवारीत रिन्यू व्हायचा होता. मुलगी सुमैया दहावीला, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. बाप हेल्पर झाला असता तर दोघींना परीक्षेआधीच रत्नागिरीचा रस्ता धरावा लागला असता.

हे सगळं मला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मला एवढंच ठाऊक होतं की परीक्षा इंग्रजीत घ्यायची.

तोंडी प्रश्नांसाठी तो समोर आला. चोपन्न वर्षांचा, बुटका, रुंद, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना काळा दोरा बांधून तो मानेमागे टाकलेला. मी फॉर्ममधला पहिला प्रश्न इंग्रजीत विचारला. त्याने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेऊन, चष्मा वर करून वाचलं.

"खैरनार. म्हंजे मराठीच की! मंग माज्याशी विंग्रजी कशाला झाडता?"

"नियम आहे."

"बरा हाय. इंजिनालापन सांगून ठेवा."

मागे उभे असलेले चारजण हसले. मी फॉर्मवर 'संवादकौशल्य'च्या पुढे पाचपैकी एक लिहिला, जरा दाबूनच.

नसरुद्दीन मिरकरवाड्याचा, म्हणजे रत्नागिरी बंदराचा. चौदाव्या वर्षी मामाच्या मच्छीमार लाँचवर चढला आणि इंजिनापाशी बसला. तिथेच तो जे शिकला ते शिकला. समुद्रात इंजिन बंद पडलं तर दुरुस्ती आपणच करायची आणि ती चुकली तर बुडायचंही आपणच, म्हणून मामाने त्याला दोन गोष्टी मारून मारून शिकवल्या. उघडलेलं इंजिन आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं, मगच सुरू करायचं. आणि ते फेरे चालू असताना कोणी तोंड उघडायचं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे काम अर्धवट टाकून उठावं लागलं तर इंजिनावर आपला रुमाल पसरायचा. रुमाल आहे तोवर दुसऱ्याने हात लावायचा नाही, लाँचचा मुख्य तांडेल असला तरी. एकोणीस वर्षांपूर्वी कतारला येताना त्याने या दोन्ही चाली बरोबर आणल्या होत्या. वर्कशॉपमध्ये केरळचे, बिहारचे, नेपाळचे, सगळे होते, पण नसरुद्दीनचाचाचा निळ्या चौकड्यांचा रुमाल इंजिनावर दिसला की ती गाडी ओलांडूनसुद्धा कोणी जात नसे. मला हे सांगितलं गेलं होतं. मी मनात म्हटलं, अडाणी लोक.

गाडीवरच्या परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी त्याने मला जेवायला बोलावलं. लाच आहे हे मी लगेच ओळखलं, आणि तरीही गेलो, कारण नजम्यातल्या आमच्या खोलीत चौघांची पाळीपाळीची डाळ खाऊन माझी जीभ मेली होती. मुऐदरमध्ये एका मोठ्या व्हिलाचे तुकडे करून भाड्याने दिलेले, त्यातल्या मागच्या दोन खोल्या त्याच्या. ताहेरुन्निसाचाचीने हामूर माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. चौथी भाकरी नको म्हणायला तोंड उघडलं तेव्हा पाचवी ताटात पडली.

सुमैया पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली होती. आईबाप मराठीत बोलत, ही इंग्रजीत उत्तरं देई. एकदम तिने मान वर करून मला विचारलं, "अंकल, इफ ही फेल्स, डू वी हॅव टू गो?"

एकोणतीस वर्षांच्या माणसाला अंकल म्हटल्याचं वाईट वाटायलाही मला सवड मिळाली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या क्लिपबोर्डावर काय अडकवलेलं आहे.

"जेवताना कारखाना नको," नसरुद्दीन म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "साहेब, तुमाला जेवायला बोलावला तो आपल्या मुलखातले म्हनून. पास करा म्हनून नाय. पास माजा मी होईन."

"पाच भाकऱ्यांत कोन पास करतो?" चाची म्हणाली. "घ्या, सोलकढी घ्या."

परीक्षेची गाडी मीच निवडली होती. तेरा वर्षांची जपानी डिझेल पिकअप, दुखानच्या वाळवंटी रस्त्यावर पाइप आणि माणसं वाहून साडेतीन लाख किलोमीटर पळालेली. काम असं: टायमिंग बेल्ट बदलणे, वॉटर पंप तपासणे आणि गरज असल्यास तोही बदलणे. वेळ पाच तास.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. टायमिंग बेल्ट म्हणजे आतल्या बाजूने दात असलेला रबरी पट्टा. इंजिनाच्या खालच्या पुलीवरून तो वरच्या पुलीवर जातो आणि खालचं फिरणं वरच्या फिरण्याशी बांधून ठेवतो. दोन्ही पुल्यांवर खुणा असतात, त्या जुळल्याच पाहिजेत. एक दात इकडेतिकडे झाला तर इंजिन धूर ओकतं, आणि पट्टा तुटलाच तर आतले भाग एकमेकांवर आपटून खलास. वॉटर पंप, जो पाणी फिरवून इंजिन थंड ठेवतो, तो या गाडीत त्याच पट्ट्याच्या मागे बसवलेला. तिथवर पोचायला रेडिएटर, पंखा, पुल्या सगळं उतरवावं लागतं.

सकाळी सातला मी घड्याळ दाबलं. वर्कशॉप मॅनेजर फजलसाहेब शेजारी येऊन उभे राहिले. हैदराबादचे, मनाने वाईट नाहीत, पण वरून फोन आला की त्यांचा कणा मऊ पडत असे. नसरुद्दीनने पाणी काढलं, रेडिएटर उतरवला, पंखा उतरवला. तो धावपळ करत नव्हता. बोल्ट काढला की जिथून काढला त्याच क्रमाने पुठ्ठ्याच्या तुकड्यात भोक पाडून खोचायचा. नऊच्या सुमाराला पट्टा सुटला. मग त्याने पंपाची पुली हाताने फिरवली, अंगठ्याने दाबून हलवून पाहिली आणि पंपाखालचा वाळलेला पांढरट ओघळ नखाने खरवडला.

"नया पंप निकालो," तो स्टोअरकडे बघून ओरडला.

फजलसाहेब पुढे झुकले. "चाचा, लीक तो नहीं कर रहा. ओके लिख दो. एक घंटा बचेगा तुम्हारा."

"आज नहीं कर रहा. जून में करेगा, दुखान के रास्ते पे. तब ड्राइवर को पानी तुम ले जा के देगा?"

फजलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. खरं सांगायचं तर फॉर्ममधलं 'गरज असल्यास' हे माझंच कलम होतं. ज्याला पास व्हायचंय तो पंप सोडून देईल आणि आरामात वेळेत सुटेल, अशी ती फट मीच ठेवली होती आणि मनातून मला तिचा जरा अभिमानही होता. हा गृहस्थ फटीतून जायलाच तयार नव्हता. त्याने जुना पंप उतरवला, सांध्यात चिकटलेली चकती, म्हणजे गॅस्केट, पत्तीने तासून तासून काढली, बोटाने तीनदा चाचपून पाहिलं, मग नवा पंप बसवला. पट्टा चढवला, खुणा जुळवल्या. तोवर सव्वाअकरा झाले होते. चार तास पंधरा मिनिटं.

जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाची वेळ झाली. नमाज आणि जेवणासाठी घड्याळ थांबवायचं असं फॉर्ममध्येच होतं. मी घड्याळ थांबवलं. नसरुद्दीनने इंजिनावर रुमाल पसरला आणि सगळे गेले. शेडमध्ये मी एकटा उरलो.

पुढचं लिहिताना मला आजही स्वतःचा राग येतो. मी तो रुमाल उचलला.

मला बघायचं होतं की त्याने काय चुकवलंय. आणि मला चूक सापडलीही! पट्टा ताणून धरणाऱ्या छोट्या पुलीचा, म्हणजे टेन्शनरचा, बोल्ट चक्क ढिला होता. एकोणीस वर्षांचा अनुभव आणि बोल्ट ढिला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्याने तो मुद्दाम ढिला ठेवलाय, दोन फेरे फिरवून पट्टा आपोआप ताणला गेल्यावर घट्ट करायचा म्हणून, हे माझ्या फर्स्ट क्लास डोक्यात आलं नाही. खुणा तरी जुळतात का ते बघावं म्हणून मी खालच्या पुलीला पाना लावला आणि फिरवलं. फिरवलं ते उलट्या दिशेला. ढिला पट्टा एका बाजूने फुगला आणि आत कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला.

मी पाना परत फिरवला, खालची खूण जागेवर आणली, बोल्ट घट्ट आवळला आणि रुमाल होता तसा टाकला. काही झालं नाही, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पावणेबाराला ते परत आले. नसरुद्दीनच्या बाह्या नमाजाआधीच्या वजूच्या पाण्याने ओल्या होत्या. मी घड्याळ चालू केलं. पंचेचाळीस मिनिटं उरली होती आणि जोडणी त्यात नेमकी बसत होती, हे त्याने मनाशी आधीच धरलेलं दिसत होतं. त्याने रुमाल उचलायला हात पुढे केला आणि क्षणभर तसाच धरला. मग घडी करून खिशात ठेवला. पाना लावला. शेड गप्प झाली. एक फेरा. दुसरा फेरा. तो खाली वाकला, मग वर बघितलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा दोन फेरे फिरवले.

खालची खूण जागेवर होती. वरची एक दात मागे.

"कोनी हात लावलान?" तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, इंजिनाकडे बघून.

मी क्लिपबोर्डाकडे पाहिलं.

"क्या हुआ चाचा?" फजलसाहेबांनी विचारलं.

"एक दाँत खिसक गया."

"अरे, एक दाँत से क्या होता है? स्टार्ट तो हो जाएगी! यल्ला, बंद करो, टाइम जा रहा है."

स्टार्ट झाली असती, हे खरं. थोडा धूर, थोडा जोर कमी. मी फॉर्मवर बरोबरची खूण केली असती, सुमैया मार्चमध्ये पेपराला बसली असती, आणि गाडी महिन्या-दोन महिन्यांत कोणा दुसऱ्याच्या हातात परत आली असती. नसरुद्दीनला हे सगळं माझ्याहून जास्त कळत होतं. पोरीचं वर्ष त्याच्या हातातल्या पान्यावर लटकलं होतं. त्याने घड्याळाकडे एकदा बघितलं, पाना फिरवला आणि पट्टा सोडवायला घेतला.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. चार शब्द पुरे होते. मी बोललो नाही, कारण वीस माणसं उभी होती आणि माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं. मला भीती वाटली आणि भीतीला मी शिस्त म्हणत राहिलो.

त्याने पट्टा उतरवून दातन् दात तपासला, खुणा नव्याने जुळवल्या, पुन्हा फेरे फिरवले. मग झाकण, पुल्या, पंखा, रेडिएटर, पाणी. किल्ली फिरवताच इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं, धुराचा ठिपका नाही. शेडमधल्या मन्सूर नावाच्या बिहारी मेकॅनिकने शीळ घातली. मी घड्याळ दाबलं. पाच तास चाळीस मिनिटं.

केबिनमध्ये मी त्याला बसायला सांगितलं. तो उभाच राहिला.

"चाचा, मी पाच तास लिहितो," मी म्हणालो. "काम उत्तम झालंय. कोणी विचारणार नाही."

मला वाटलं तो आभार मानेल. लाज वाटते सांगताना, मी आभारांची वाट बघत होतो.

"झाला तेवढा लिहा," तो म्हणाला. "पाच तास चाळीस. आनि ती चाळीस मिनटं कोनाची, तेपन लिहा."

"कोणाची म्हणजे?"

"टेन्शनरचा बोल्ट मी ढिला सोडून गेलो हुतो. आलो तर घट्ट. मला विंग्रजी येत नाय साहेब. पन माजा बोल्ट मला कळतो."

माझं टाळकं सरकलं. "तुम्ही परीक्षकावर आरोप करताय?"

"आरोप कसला? इचारतोय. तुमी नाय बोला, मी जातो."

नाही म्हणणं सोपं होतं. माझा प्रोबेशनचा काळ संपायला एक महिना होता. असलं काही कागदावर गेलं तर माझंही चंबूगबाळं आवरावं लागलं असतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो विनवणी करत नव्हता, रागावलाही नव्हता. अंगठा चिंधीला पुसत उत्तराची वाट बघत होता, एखाद्याला पाना मागितला आणि तो द्यायला उशीर करतोय तसा. आणि मला माझाच असा संताप आला की मी पेन उचललं आणि शेऱ्याच्या रकान्यात दाबून लिहिलं: चाळीस मिनिटं वाया गेली ती परीक्षकाने उमेदवाराच्या गैरहजेरीत, त्याच्या परवानगीशिवाय, इंजिन उलट फिरवल्यामुळे. खाली सही केली.

"वाचा," तो म्हणाला.

मी मराठीत वाचून दाखवलं.

"आता भायेर चला. हिंदीत वाचा. त्या सगल्यांच्या म्होरं माजा पट्टा चुकला हाय. त्यांना कळू दे."

मी बाहेर गेलो आणि वाचलं. 'मैंने' या शब्दापाशी माझा आवाज फाटला. वीस माणसांपैकी एकही हसला नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी वेस्ट बेहून उत्तर आलं. परीक्षकाच्या चुकीमुळे परीक्षा रद्द. होडेकर यांची परीक्षा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गाडीवर पुन्हा घ्यावी. मला एक ताकीद. मला वाटलं, स्वस्तात सुटलो आणि त्यालाही न्याय मिळाला. उत्साहाने मी त्याला सांगायला गेलो. तो एका डंपरखाली पडलेला होता, फक्त बूट दिसत होते.

"नाय देनार," बूट म्हणाले.

"चाचा, दुसरी संधी आहे ही!"

तो सरकत बाहेर आला. "चूक कोनाची?"

"माझी."

"मंग परीक्षा माजी का? ज्याची चूक त्याची परीक्षा घ्या. मी माजी दिली."

फजलसाहेब धावत आले. चाचा जिद मत करो, चाचा बेटी का सोचो, जानेवारी आला, हेल्पर लिहितील. नसरुद्दीनने सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाला, आणि हे तो मोठ्याने म्हणाला, "तिचाच इचार करतोय. उद्या तिला कोनी चुकीचा नापास केला तर तिला काय सांगू मी? गप बस, परत दे? मान खाली घालून मिलालेला कागद मला नको. रत्नागिरीत इंजिनं काय कमी हायत?"

घरी त्याने हे सांगितलं तेव्हा ताहेरुन्निसाचाची काय म्हणाली तेही नंतर माझ्या कानावर आलं. ती म्हणाली, बॅगा भरायला मला अर्धा दिवस लागतो, त्याची चिंता नको. पन पुन्हा परीक्षा दिलात तर मी आनि पोरगी इथंच र्‍हातो, तुमी एकले जा. हे कायद्याने कसं जमलं असतं ते तिने सांगितलं नाही.

पुढच्या सकाळी मन्सूरची पाळी होती. तो आला, हात मागे बांधून उभा राहिला.

"साहब, पहले आपका हाथ देखेंगे," तो म्हणाला. "फिर हमारा देखिए."

त्याच्यानंतरच्या माणसानेही तेच सांगितलं. तिसऱ्याने तर मान हलवून नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. कोणी काम थांबवलं नव्हतं, कोणी घोषणा दिल्या नाहीत. गाड्या दुरुस्त होत होत्या. फक्त माझ्या फॉर्मला कोणी बोट लावेना. फजलसाहेबांनी कपाळाला हात लावला. महिनाअखेरपर्यंत अकरा कागद पाठवायचे होते. "बात तो इनकी सही है, प्रताप," ते हळूच म्हणाले, जणू भिंत ऐकेल.

मी तीन दिवस धुसफुसलो. चौथ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट उतरवून डांगरी चढवली, तशाच एका जुन्या पिकअपसमोर उभा राहिलो आणि ओरडलो, "घ्या परीक्षा!"

नसरुद्दीन उलट्या डब्यावर बसला, मांडीवर माझाच क्लिपबोर्ड. त्याने मदत केली नाही, टोकलं नाही, एक शब्द बोलला नाही. मला पुस्तकात प्रत्येक भागाचं नाव पाठ होतं. खालच्या पुलीच्या बोल्टने ते नाव विचारलं नाही. तो एकच बोल्ट सोडवायला मला पाऊण तास लागला आणि दोन बोटं सोलली. पंपाचं जुनं गॅस्केट तासताना मी कंटाळून थोडं तसंच सोडलं. पट्टा तीनदा चढवला. दोन फेरे हाताने फिरवले तेव्हा मी स्वतःच कोणाला बोलू दिलं नाही. सगळं जोडून, पाणी भरून किल्ली फिरवली तर इंजिन सुरू झालं! मी हात वर केले. मन्सूरने खाली बोट दाखवलं. पंपाच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. आठ तास दहा मिनिटं.

"फारमात काय काय हाय?" नसरुद्दीनने विचारलं. मी एकेक रकाना वाचला, तो आकडा सांगत गेला, मी लिहीत गेलो. संवादकौशल्याचे त्याने मला पाचपैकी पाच दिले. "बोलता चांगलं तुमी," तो म्हणाला. बाकी सगळीकडे एक नाहीतर दोन.

"निकाल?"

"नापास."

मी लिहिलं. "शेरा?"

त्याने चष्म्यावरून माझ्या सोललेल्या बोटांकडे बघितलं. "लिहा, शिकवला तर होईल."

ते मी इंग्रजीत लिहिलं. खाली परीक्षक म्हणून त्याने सही केली, मराठीत, पूर्ण नाव, सावकाश. माझा कागद आणि त्याचा पहिला, रद्द झालेला कागद मी एकत्र टाचले आणि वेस्ट बेला पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. एक मेकॅनिक इंजिनिअरला नापास करतो हा काय प्रकार आहे, अशी तिकडून विचारणा झाली. मी म्हणालो, "निकाल बरोबर आहे. पंप अजून ठिबकतोय, येऊन बघा."

"तू नापास असशील तर बाकीच्या दहा जणांची परीक्षा कोण घेणार?"

"ज्याने मला नापास केलं तो."

तिकडून विचारलं गेलं की तो माणूस इंग्रजी जाणतो का. मी रिसीव्हर नसरुद्दीनच्या हातात दिला. त्याने हात पुसला, रिसीव्हर कानाला लावला, ऐकलं आणि म्हणाला, "येस सर. फॉर्म हिंदी. इंग्लिश नो." आणि फोन ठेवून दिला. मला वाटलं, संपलं आता, दोघांचीही तिकिटं निघाली. पण त्यांना महिनाअखेरीला कागद हवे होते आणि चालत्या गाड्या हव्या होत्या, आणि परीक्षा घेणाऱ्यालाच हेल्पर कसं लिहायचं हे तिथल्या कोणाला सुचेना. फॉर्म हिंदीत आले. दहापैकी आठ पास झाले. दोघांना त्याने नापास केलं, त्यातला एक त्याचा रोजचा चहाचा सोबती होता. "एक महिन्यानं परत घेन. तवर माज्याबरोबर काम करील," असं त्याने लिहून मागितलं आणि मिळवलं.

जानेवारीत त्याचा पासपोर्ट नवा व्हिसा चिकटवून आला. संध्याकाळी मी मुऐदरला गेलो होतो. व्हिसावर सगळं अरबीत. नसरुद्दीनने पासपोर्ट ताहेरुन्निसाचाचीच्या हातात दिला, कारण कुराण वाचून वाचून तिला अक्षरं येत होती. तिने पेशाच्या रकान्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जोडलं. "मी... का... नी... की." मग मागचं पान उलटून जुना व्हिसा बघितला, पुन्हा नवा बघितला.

"यात नवीन काय हाय?" ती म्हणाली. "आधीपन हेच हुतं."

"तेच," नसरुद्दीन म्हणाला. "तेच ठेवायला एवढा झगडा लागला."